टाकीखालचे बैल

सिंधूवन्संनी शेल्फवरचा मातीचा बैल उचलला, चष्मा कपाळावर सरकवला आणि बैल उलटा करून त्याचं पोट बघितलं. मंडईत वांगं किडकं आहे का ते बघतात, तसं.

‘हा ऋचानं केला?’

‘हो,’ मी म्हणाले.

‘आणि हा पांढरा?’

‘तोही. सगळे तिनेच केलेत. सहा जोड्या आहेत.’

‘वशिंड झकास साधलंय गं. आठ वर्षांच्या मुलीच्या मानानं फारच झकास.’

हे कौतुक होतं की टोमणा, कळायला मार्ग नव्हता. माझ्या या नणंदेनं पस्तीस वर्षं पाटणच्या डोंगरातल्या शाळांवर काढली होती, त्यातली शेवटची बारा मुख्याध्यापिका म्हणून. समोरच्याला बाकावर उभं केल्यासारखं वाटायला लावणं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. मी हसले. आतून मात्र चार दिवस धुमसत होते.

त्याचं कारण माझा नवरा. हेमंत साखर कारखान्यात केमिस्ट होता, आणि उसाच्या रसाची शुद्धता सोडली तर जगातल्या कुठल्याच गोष्टीवर त्याचं ठाम मत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मी ऋचाला शाळेतून काढलं तेव्हा तो ‘बघू’ म्हणाला होता. सकाळी रिक्षा दारात आली की पोरीला उलटी व्हायची. पहिलीच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांतच तिचं वजन दोन किलोनं उतरलं. मी दप्तर माळ्यावर टाकलं आणि जाहीर केलं, आता ही घरीच शिकेल. आणि बेंदराच्या चार दिवस आधी, ताटातली भाजी इकडून तिकडे करत हा गृहस्थ म्हणाला, ‘बेंदराला सिंधूताई येतेय. ती ऋचाला जरा तपासेल. तिसरीत प्रवेश सोमवारपर्यंत मिळतोय म्हणे. ताई म्हणेल तसं करू.’

‘मला विचारलंस?’

‘आता सांगतोय ना.’

‘तपासेल म्हणजे? ती काय तुझ्या कारखान्यातली मळी आहे?’

यावर तो ताट घेऊन उठला. पुढचे चार दिवस मी त्याच्याशी डब्यापुरतं बोलले.

दोन वर्षं मी काय केलं होतं ते मला माहीत. कऱ्हाडात तेव्हा मूल घरी शिकवायचं म्हणजे पोरीला काहीतरी दुखणं असणार, असंच लोक धरून चालायचे. शेजारीण तर कुंपणावरून विचारायची, ‘बरी आहे का आता?’ मी कुणालाही जुमानलं नाही. आमच्या घरी महिने होते, इयत्ता नव्हत्या. चैत्रात अंगणात चैत्रांगण, आणि त्यातली कासवं-कमळं मोजता मोजता पाढे. वैशाखात आंब्याच्या कोया घासून पिपाण्या. श्रावणात पत्री गोळा करायची, प्रत्येक पान वहीत दाबायचं, त्याची नावं पाठ. भाद्रपदात शाडूचा गणपती, दिवाळीला किल्ला, फाल्गुनात पळसाची फुलं उकळून रंग. आणि आषाढात बेंदराचे बैल. आमची शेती नाही, पण बेंदराला मातीचे बैल पुजायची पद्धत घरात होतीच. कुंभारवाड्यातून घमेलंभर माती आणायची, ती मळायची, आठवडाभर बैल करायचे. मी शेवटचा हात फिरवायचे, एवढंच. एकदा एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत आमच्या शेल्फचा फोटोही आला होता. पुण्याहून दोन बायका मुद्दाम बघायला आल्या आणि वहीत काय काय लिहून घेऊन गेल्या.

आणि हे सगळं आता एक निवृत्त बाई एका सकाळी येऊन तपासणार, आणि तिच्या एका शब्दावर माझ्या पोरीला परत त्या रिक्षात कोंबणार! या विचारानं माझे कान गरम होत होते.

ऋचा झोपाळ्यावर बसून पाय हलवत होती. दोन वेण्या, गुडघ्यावर खरचटलेलं, चेहऱ्यावर काही नाही. पाहुण्यांपुढे ती अशीच असायची. मी त्याला शांतपणा म्हणायचे.

वन्संनी तिला चार प्रश्न विचारले. सव्वीस बैलांच्या जोड्या किती, एका जोडीला किती शिंगं. ऋचानं पटापट सांगितलं. मी हेमंतकडे बघितलं. तो छताकडे बघत होता.

‘आणि लिहिणं?’ वन्संनी विचारलं.

‘लिहायची घाई मी करत नाही,’ मी मधेच म्हणाले. ‘हात आधी मातीत घट्ट व्हावा लागतो. मनात आलं की लिहील ती.’

‘मी तिला विचारलं, चारू.’

‘तेच सांगतेय मी.’

‘दोन ओळी लिहिशील, ऋचा?’

ऋचानं माझ्याकडे बघितलं, मग मान हलवली. नाही.

‘बरं, राहू दे,’ वन्सं म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ झाला आणि मला जास्तच राग आला. कीव नको होती मला. ‘मग असं कर. माती उरलीय ना? माझ्यासमोर एक बैल करून दाखव.’

हे मात्र माझ्या पथ्यावरच पडलं. मी उठून मागच्या पडवीतनं ओल्या फडक्यातला गोळा आणला, पाटावर ठेवला, शेजारी पाण्याची वाटी ठेवली. गोळा जरा घट्ट वाटला म्हणून पाण्याचं बोट लावून दाबला. ‘हं, कर बाळा. आधी पोट लांबट. मग मान. मान वर, नाहीतर गाय दिसते.’

ऋचा पाटासमोर बसली. दोन्ही हात मांडीवर.

‘कर ना.’

ती गोळ्याकडे बघत राहिली. एक मिनिट गेलं असेल. मला वाटलं वर्ष गेलं. हेमंत खाकरला. मला राहवेना.

‘अगं, काल एवढे केलेस की! लाजायला काय झालं? आत्याच आहे.’ मी गोळा उचलून तिच्या हातात दिला. तिनं तो घेतला आणि परत माझ्यापुढे धरला.

‘तू कर,’ ती म्हणाली.

माझ्या डोक्यात सणक गेली. दोन वर्षं! दोन वर्षं उन्हातान्हात पळस शोधत फिरले, लोकांची बोलणी खाल्ली, आणि ऐन वेळेला ही पोर मला तोंडावर पाडतेय.

‘ऋचा, नाटकं नकोत. बैल कर.’

‘आई असताना नाही करायचा,’ ती वन्संना म्हणाली. माझ्याकडे न बघता.

‘बरं,’ वन्सं म्हणाल्या. ‘चारू, तू आत जा.’

‘मी?’

‘हो. पोळ्या राहिल्यात ना?’

माझ्या घरात, माझ्या मुलीसमोर, मला आत जा म्हणून सांगितलं! मी हेमंतकडे बघितलं, की हा काही बोलेल. तो म्हणाला, ‘जा ना, दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे.’

‘तुझा प्रश्न नेहमी दहा मिनिटांचाच असतो,’ मी म्हणाले. वन्संसमोर मी त्याला अरेतुरे करते हे त्यांना कधीच आवडलं नव्हतं, म्हणून मुद्दाम मोठ्यानं म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले.

पुरणाचा गोळा मी असा काही थापला की पहिल्याच पोळीतनं पुरण बाहेर आलं. दुसरी तव्याला चिकटली. तिसरी लाटायला घेतली आणि बाहेरून आवाज यायला लागला. आधी मला कळेना कोण बोलतंय. मग कळलं, ऋचा. ती बोलत होती, नुसती बोलत होती, नळ सोडल्यासारखी.

‘हा म्हातारा आहे. त्याला आता शेतात नेत नाहीत. तो नुसता सावलीत बसतो आणि इतर बैलांना सांगतो, अरे तिकडून जाऊ नका, तिकडे चिखल आहे. पण ते ऐकत नाहीत.’

‘का ऐकत नाहीत?’

‘कारण ते तरुण आहेत ना, आत्या.’

हेमंत हसला. मी लाटणं हातात धरून उभी. ही गोष्ट मला कधी सांगितली नव्हती तिनं. कुठलीच गोष्ट सांगितली नव्हती. मी विचारायचे, ‘बैलाला कान किती मोठे हवेत?’ आणि ती म्हणायची, ‘तू सांग.’

‘आणि ते शेल्फवरचे? त्यांची काय गोष्ट?’

‘त्यांची गोष्ट नाही. ते आईचे आहेत.’

‘आई तर म्हणाली तुझे.’

‘सकाळी माझे असतात,’ ऋचा म्हणाली. ‘मग मी आंघोळीला जाते ना, तेव्हा आई नीट करते.’

मी तिथूनच ओरडणार होते. नीट करते म्हणजे काय? पाय तीन असले तर चौथा लावायचा नाही? शिंग पडलं तर तसंच ठेवायचं? मोडका बैल पूजेला चालत नाही, एवढं तर वन्संनाही माहीत होतं. शेवटचा हात फिरवणं म्हणजे काय गुन्हा झाला? पण ओरडायच्या आधीच पुढचा प्रश्न आला.

‘मग तुझे कुठायत?’

 मग अगदी हळू, ‘आईला नाही ना सांगणार?’

मी पडदा बाजूला करून बाहेर आले. हाताला पीठ, हातात लाटणं. ‘काय नाही सांगायचं आईला?’

ऋचाचं तोंड पांढरं पडलं. रिक्षा यायची तेव्हा पडायचं, तसंच. ते मला दिसलं आणि तरी मी थांबले नाही. ‘बोल ना! आत्याला सांगायचं, बापाला सांगायचं, आणि मी कोण? घरकामाला ठेवलेली बाई?’

‘चारू,’ वन्सं म्हणाल्या.

‘तुम्ही मधे बोलू नका. चल, दाखव. काय लपवलंयस ते दाखव.’

ती उठली. जिन्यावरून पुढे ती, मागे मी, मागे गुडघ्यावर हात ठेवत वन्सं, सगळ्यांत शेवटी हेमंत. गच्चीवर भुरभुर चालू होती. आमची काळी पाण्याची टाकी चार विटांच्या खांबांवर होती आणि खाली कमरेएवढी जागा. पुढे जुन्या पत्र्याचा तुकडा लावलेला. मला वाटायचं, तो हेमंतनं लावलाय. ऋचानं वाकून पत्रा सरकवला.

मी गुडघ्यावर बसले आणि आत बघितलं.

आत दोन वर्षं होती. लायनीत, विटांवर मांडलेली. बैलच चाळीसेक असतील. लंगडे, बसके, एकाला शिंगं डोळ्यांतून आलेली, एक उंटासारखा. आडवा झोपलेला गणपती, सोंड उशाला घेतलेली. मुठीएवढा किल्ला, त्याला दरवाजाच नाही. वाळलेल्या पानांचे सैनिक. आणि प्रत्येकापुढे पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं. जी मनात आलं की कधीतरी लिहील असं मी मघाशी ठणकावून सांगितलं होतं, तिच्या अक्षरात.

‘हा बैल लंगडा आहे. त्याचा पाय दुखतो. हात लावू नये.’

‘गणपती दमला. हात लावू नये.’

‘या किल्ल्यातला राजा बाहेरगावी गेला आहे. हात लावू नये.’

सगळ्यांवर तेच. शेवटी तीन शब्द, कुठे मोठे, कुठे कडेला कोंबलेले.

‘हे कुठे वाचलंस गं?’ वन्संनी विचारलं. त्याही शेजारी वाकून बसल्या होत्या आणि त्यांच्या साडीचा काठ भिजत होता.

‘औंधला म्युझियममध्ये. तिथे पाटी होती. तिथे सगळे लांबूनच बघत होते.’ मग जरा थांबून, ‘आई पण.’

मला काय वाटायला हवं होतं ते मला आज कळतं. तेव्हा मला फक्त राग आला. पोरीचा, तिच्या लपवण्याचा, आत्याला सांगितलं आणि मला नाही याचा. मी हात घालून पुढचाच एक बैल उचलला. मागच्या बेंदराचा असावा, वाळून दगड झालेला.

‘हे माझ्यापासून लपवायचं? माझ्यापासून? तुझ्यासाठी जिवाचं रान केलं मी! मी तुला कधी अडवलं? सांग ना आत्याला. कधी म्हणाले, असं करू नको? कधी तुझ्या कशाला नावं ठेवली?’

 ऋचा माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. ती माझ्या हातांकडे बघत होती. वन्संही. हेमंतही. म्हणून मग मीही खाली बघितलं.

माझा अंगठा बैलाच्या डाव्या शिंगावर होता. शिंग कानाच्या खाली लावलेलं होतं, चुकीच्या जागी, आणि मी बोलत असताना माझा अंगठा ते वर ढकलत होता. सरळ करत होता. मला पत्ताही नव्हता. मी हात थांबवेपर्यंत कट् असा आवाज झाला आणि शिंग माझ्या पिठाच्या तळहातावर पडलं.

ऋचा रडली नाही. तिनं माझ्या हातातनं बैल घेतला, शिंगही घेतलं, आणि बैल होता तिथे ठेवून शिंग त्याच्यापुढे ठेवलं.

‘मी जाईन शाळेत,’ ती म्हणाली.

‘तुला उलट्या व्हायच्या तिथे,’ मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण फार लांबून आल्यासारखा.

‘होऊ देत.’ ती पत्रा लावायला लागली. ‘तिथे साठ मुलं असतात. बाईंना सगळ्यांचं नीट करायला वेळच नसतो.’

वन्सं हे ऐकून हसतील, मला काहीतरी सुनावतील, असं मला वाटलं. मी वाटच बघत होते, म्हणजे निदान त्यांच्यावर तुटून पडता आलं असतं. त्या हेमंतचा हात धरून उठल्या आणि खाली गेल्या. मी गच्चीवर बसून राहिले. पोरगी आठ वर्षांची आणि दोन वर्षं माझ्याच डोक्यावर, माझ्याच गच्चीत एक घर करून राहिली होती, माझ्यापासून लांब. मला सिंधूवन्संचा राग आला, हेमंतचा आला, शाळेचा आला, पुरवणीत फोटो छापणाऱ्या त्या माणसाचा आला. सगळ्यांचा येऊन गेला. मग दुसरं कुणी उरलं नाही, तेव्हा माझा आला. तो सगळ्यांत वाईट होता.

खाली आले तेव्हा पूजेची वेळ टळत आली होती. वन्संनी उरलेल्या पोळ्या करून टाकल्या होत्या. हेमंतनं पाट मांडला आणि सवयीनं शेल्फवरची पांढरी जोडी आणली.

‘ती नको,’ मी म्हणाले.

‘मग?’

‘ऋचाला विचार.’

ऋचानं तिघांकडे पाळीपाळीनं बघितलं. मग गच्चीवर जाऊन मघाचा तो एकशिंगी छातीशी धरून घेऊन आली आणि आत्यासमोर केलेला म्हातारा बैल त्याच्याशेजारी पाटावर ठेवला. म्हाताऱ्याची माती अजून ओली होती. मोडका बैल पाटावर बघून वन्सं अडवतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसता पाट जरा सरकवला, दोघं मावावेत म्हणून. ऋचानं म्हाताऱ्यासाठी तिथेच नवा पुठ्ठा लिहिला, शेवटी तेच तीन शब्द, आणि दोन्ही बैलांपुढे आपापले पुठ्ठे नीट उभे करून ठेवले.

घरातली पूजा मीच करायचे. फुलं वाहायला काही अडचण आली नाही, ती वरून टाकता आली. मग कुंकवाचा करंडा घेतला, बोट बुडवलं, म्हाताऱ्या बैलाच्या कपाळाशी नेलं आणि तिथेच थांबले. पुठ्ठा बोटाखालीच होता. म्हाताऱ्याची मान खाली होती, गाईसारखी, आणि एक कान निसटायला आला होता. नखानं दाबला असता तर बसला असता. 

लग्नाला तेरा वर्षं झाली होती, आई होऊन आठ. मी माझ्या मुलीला तोपर्यंत हा प्रश्न कधी विचारला नव्हता.

‘लावू का गं?’

तिनं बैलाकडे बघितलं, माझ्या बोटाकडे बघितलं, आणि खूप वेळ विचार केला. खरंच विचार केला.

‘नको,’ ती म्हणाली. ‘मी लावते.’

राग आला. खोटं कशाला सांगू, आलाच. बोटावरचं कुंकू मी पदराला पुसलं आणि करंडा तिच्या हातात दिला.